परक्यास जामीन राहावें काय?

लोणार तालुक्यांतील बीबी गांवीं परजिल्ह्यांतून एक कुटुंब येऊन राहिलें आहे, असें समजूं. कर्त्या पुरुषास शिवणकाम उत्तम येतें. शिलाईयंत्रापुरतें कर्ज मिळालें तर तो दुकान मांडील. पतसंस्था त्यास सभासद करून घेण्यास राजी आहे, पण दोन जामीनदार मागते. गांवांत त्याचें शेत नाहीं, सोयरा नाहीं. रविवारीं मात्र तो उपासनेस येतो; म्हणून तो आपल्या उपदेशकास गांठून म्हणतो, "मास्तर, माझ्या कागदावर सही कराल काय?"

मास्तरांनीं काय करावें? नीतिसूत्रांच्या सहाव्या व अकराव्या अध्यायांत परक्यास जामीन राहणाऱ्यास कडक इशारा दिलेला आहे, हें वाचक जाणतातच. ती भीति पोकळ नव्हे. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणें, निराळें ठरलें नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. हप्ते थकले कीं नोटीस मास्तरांच्याही दारीं येणार. उलटपक्षीं, परदेशीयास स्वदेशीयाप्रमाणें लेखावें, ही लेवीयाच्या १९ व्या अध्यायांतील आज्ञाही त्याच शास्त्रांत आहे.

पतपेढीचा पायाच मुळीं ओळख हा आहे. जर्मनींतील रायफायझन ह्या भाविक प्रॉटेस्टंट गृहस्थानें १८६४ सालीं हेडेसडॉर्फ येथें पतपेढी काढिली, ती शेजारी शेजाऱ्याची चालचलणूक जाणतो ह्या भरंवशावर. आपल्या देशांतील १९०४ च्या कायद्यानेंही एका गांवच्या वा गांवसमूहाच्या, किंवा एका जातीच्या वा वर्गाच्या लोकांनींच संस्था काढावी असें ठरविलें. मग जो ह्यांपैकीं कोणांतच बसत नाहीं, त्यानें कोठें जावें?

ह्याचें एक उत्तर दूरदेशीं मिळालें, आणि त्याचा धागा आपल्याच खेड्यांशीं जुळतो. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन हे स्वतः एका निर्वासी होऊन आलेल्या माणसाचे पुत्र. १९०७ सालीं हिंदुस्थानांत हिंडतांना त्यांनीं खेड्यांतील सहकारी पेढ्या पाहिल्या, व पुढें १९०९ च्या मॅसॅच्युसेट्सच्या पतपेढी कायद्यास हातभार लाविला. तत्पूर्वींच, १९०८ मध्यें, न्यू हॅम्पशरमधील मँचेस्टर येथें कॅनडाहून आलेल्या फ्रेंचभाषी गिरणीमजुरांसाठीं तेथील रोमन धर्मगुरूंच्या पुढाकारानें पतपेढी निघाली. (ह्या कामीं त्यांचा कित्ता गिरविण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.) परक्या मुलखांत आलेल्या त्या मजुरांची एकमेकांस तरी ओळख होती, तीच त्यांची पत झाली.

पौलानेंही अनेसिमाचें देणें आपल्या नांवें मांडावें असें फिलेमोनास लिहिलें. पण तें त्यानें अनेसिमास जवळ ठेवून, पारखून लिहिलें. आणि भार घेतला तो स्वतःवर, मंडळीच्या पेटीवर नव्हे. आमच्या मतें येथेंच मर्म आहे. मास्तरांनीं आधीं त्याच्या घरीं जावें, त्याचें शिवण पाहावें, मिळकत कोठें जाते तें पाहावें. कर्ज यंत्रापुरतें असावें, लग्नाकार्यासाठीं नव्हे. आणि बुडाल्यास स्वतः फेडतां येईल तेवढ्यावरच सही करावी. मास्तर संस्थेच्या पंचांत असतील, तर तेथें दयेपोटीं मत देऊं नये; तो पैसा एखाद्या विधवेची ठेव असतो.

इतकें करूनही मन धजत नसेल, तर तसें त्यास तोंडावर सांगावें. "उद्यां या, परवां या" म्हणून झुलवूं नये. त्या आशेवर त्यानें यंत्राचा विसार देऊन ठेविलेला असतो.