याईराच्या घरचें बंद दार

(वाचनपाठ: मार्क ५:३५-४३)



याईराची मुलगी बारा वर्षांची होती, आणि तिच्या घरीं आकांत चालला होता. प्रभु येशूनें तिला जिवंत केलें, याकडेच आपलें लक्ष प्रथम जातें व तें साहजिक आहे. परंतु त्या महत्कृत्याच्या आगेंमागें प्रभूनें ज्या लहान लहान गोष्टी केल्या, त्यांजकडे आज पाहावें असें मला वाटतें. गलबला करणाऱ्या व हंसणाऱ्या लोकांस त्यानें बाहेर घालविलें. आईबापांना आंत ठेविलें. मुलीचा हात धरिला. ती उठून चालूं लागल्यावर तिला कांहीं विचारलें नाहीं, उपदेशही केला नाहीं. तिला जेवूं घाला असें घरच्यांस सांगितलें, आणि झालेली गोष्ट बाहेर कळूं देऊं नये अशी ताकीद दिली.

अकलोलीस येणारा यात्रेकरू तानसेच्या कांठीं गरम पाण्याच्या कुंडांत स्नान करितो, वज्रेश्वरीचें दर्शन घेतो व परत जातो. भिवंडी तालुक्यांतील वीटभट्ट्या त्याच्या वाटेवर येत नाहींत. दिवाळीनंतर कातकरी व वारली कुटुंबें मालकाकडून उचल घेऊन तेथें राहावयास जातात, तीं पावसाच्या तोंडीं परततात. भट्टीवरच्या त्यांच्या तात्पुरत्या झोंपडीस भोंगा म्हणतात. मुलांची गांवची शाळा अशी मध्येंच तुटते. आणि उचल फिटली नाहीं म्हणजे बापाला जें ऐकावें व सोसावें लागतें, तें मुलें भोंग्याच्या दारांतून पाहत असतात. १९९० नंतरच्या दशकांत विधायक संसद या संस्थेनें ठाणें जिल्ह्यांतील भट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालविल्या. मुलाला शाळेकडे येतां येईना, म्हणून शाळाच मुलाकडे नेली. हें थोर काम झालें. मात्र मूल पाटीपुढें येऊन बसलें तरी त्याचें मन कोठें असतें, हा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

येथें मला स्वतःचा एक अपराध सांगावयाचा आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मी एका वसतिगृहाची देखरेख करीत असें. तेथें भट्टीवरून आलेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता. वर्गांत तो खिडकीबाहेर पाहत बसे. मागून कोणी हांक मारिली कीं दचकून दोन्ही हात डोक्यावर घेई. एके दिवशीं त्याच्या अंथरुणाखालीं वाळलेल्या भाकरीचे तुकडे सांपडले. मुंग्या लागल्या होत्या. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं मीं त्याला सर्वांपुढें उभें केलें, ते तुकडे दाखविले, आणि आठव्या आज्ञेवर बोललों. मुलें हंसलीं. तो एक शब्दही बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे तो निघून गेला.

पुढें त्याच्या आजीकडून कळलें कीं, आदल्या हंगामांत एका रात्रीं मुकादमाच्या माणसांनीं त्याच्या देखत त्याच्या बापास मारिलें, आणि त्याच रात्रीं सारें कुटुंब ट्रकमध्यें घालून दुसऱ्या भट्टीवर नेलें. दोन दिवस मुलांच्या पोटांत अन्न नव्हतें. तेव्हांपासून उशाशीं भाकरी असल्याशिवाय त्याला झोंप येत नसे. मुलगा आजीपाशीं सुखरूप होता. वसतिगृहांत मात्र तो परत आला नाहीं. प्रभूनें जें दार लाविलें, तें मीं सताड उघडलें होतें.

भ्यालेल्या मुलाचें शरीर धोका टळल्यावरही पहारा देत राहतें, असें वैद्य सांगतात. झोंप मोडते, छाती धडधडते, पाढे डोक्यांत राहत नाहींत. कोणी मुकें होतें, कोणी मारावयास धांवतें. शिक्षक एकाला मठ्ठ म्हणतो व दुसऱ्याला उर्मट. छडीनें तो पहारा उठत नाहीं, दुप्पट होतो.

पंडिता रमाबाईंस हें पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत त्यांचे आईबाप गेले, व लवकरच बहीणही गेली. भूक काय करिते हें त्या जाणत होत्या. म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या, आणि तेथून सुमारें तीनशें मुली व तरुण विधवा त्यांनीं आणविल्या. केडगांवीं त्यांस अन्न, वस्त्र व आसरा मिळाला, अक्षरें मिळालीं, आणि पुढें हातांना काम मिळालें. रमाबाईंच्या पुण्यतिथीस आपण त्यांच्या पवित्र शास्त्राच्या भाषांतराविषयीं पुष्कळ बोलतों. त्या भुकेल्या मुलींविषयीं फार थोडें.

शिक्षक, अधीक्षक व अंगणवाडीच्या ताई यांस माझी विनंती अशी आहे. जेवणाची, निजण्याची व अभ्यासाची वेळ रोज तीच ठेवावी, आणि बदल करावयाचा असल्यास मुलांस आधीं सांगावें. भ्यालेल्या मुलास शक्यतों एकाच ओळखीच्या माणसाच्या हातीं ठेवावें. त्याच्या मागून जाऊन अंगास हात लावूं नये. त्याला चारचौघांत प्रश्न विचारूं नयेत. तें आपण होऊन बोलेल तेवढें ऐकावें, व ऐकलेलें प्रार्थनासभेंत ‘साक्ष’ म्हणून सांगूं नये. हा दोष आपल्या मंडळ्यांत फार आहे. मुलांस मारणें व त्यांचा मानसिक छळ करणें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानेंच मना आहे.

मात्र प्रभूच्या त्या ताकिदीचा कोणी उलटा अर्थ करूं नये. ती मुलीच्या रक्षणासाठीं होती. मुलावर अत्याचार झाला असतां मंडळीची अथवा संस्थेची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणें हें निराळें, आणि तें पाप आहे. लैंगिक अत्याचाराची खबर न देणें हा २०१२ च्या कायद्याप्रमाणें गुन्हाही आहे. त्याच कायद्यानें असेंही ठरविलें आहे कीं, मुलाचा जबाब त्याच्या घरीं अथवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणीं घ्यावा, पोलीस गणवेशांत नसावा, आणि मुलास रात्रीं पोलीसठाण्यांत ठेवूं नये. कायदा करणाऱ्यांस याईराचें घर आठवलें असेल कीं नाहीं, कोण जाणे. संकटांतील मुलासाठीं १०९८ हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा.

गेल्या हंगामांत आम्ही रविवारच्या मुलांच्या वर्गांत दाराशीं भाकरीची टोपली ठेवूं लागलों. कितीही घ्या, कोणी विचारणार नाहीं, एवढेंच सांगितलें. पहिल्या महिन्यांत ती गीत संपण्यापूर्वींच रिकामी होई, आणि मुलांचे खिसे फुगलेले दिसत. आम्ही पाहून न पाहिल्यासारखें केलें. फेब्रुवारींत एका रविवारीं वर्ग सुटला तेव्हां टोपलींत दोन भाकरी उरल्या होत्या.