वळणावरचे कौशल्य

मोटारसायकलीवरून वळण कसे घ्यावे, हा विषय या पानांवर पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटेल. देवळाच्या अग्रशाळेत बसून चर्चावयाचा हा विषय नव्हे, असेही कोणी म्हणेल. परंतु आज जत्रेला निघालेले कुटुंबच्या कुटुंब एकाच दुचाकीवर दिसते, आणि २०२२ या एका वर्षात आपल्या देशातील रस्त्यांवर जी १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, त्यांपैकी शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. तेव्हा हा विषय आपला नव्हे असे कसे म्हणावे?

गेल्या हिवाळ्यात बऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडी या गावी भाच्याकडे जाण्याचा योग आला. मुलूख केळीच्या बागांचा. खानदेश लागूनच, त्यामुळे मराठी सहज कानी पडते. १६०१ साली अकबराच्या हाती पडलेला असीरगड पाहावा अशी माझी फार दिवसांची इच्छा. भाच्याने मोटारसायकल काढली व मी मागे बसलो. सातपुड्याची वळणे सुरू होताच गाडी डावीकडे झुकली, की मी उजवीकडे अंग सावरू लागे. तिसऱ्या वळणानंतर त्याने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, “मामा, तुम्ही मला सांभाळू नका. वळण ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून पुढे पाहा, आणि गाडीबरोबर झुका.”

मग त्याने जे सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. वेगात असताना डावीकडे वळावयाचे तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलावयाची! म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे वळते, त्यामुळे गाडी डावीकडे झुकते, व मग डावीकडे जाते. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंचा सायकलींचा धंदा होता. थोरला विल्बर सायकलस्वारांना विचारीत असे, की तुम्ही डावीकडे कसे वळता? आपण प्रथम किंचित उजवीकडे वळतो, हे कोणालाही सांगता येत नसे. करीत मात्र सगळेच. देहाला ठाऊक असलेली गोष्ट बुद्धी नाकारते, ती अशी. आपल्याकडे परवान्याच्या परीक्षेत बहुधा इंग्रजी आठाचा आकडा काढावयास लावतात. तो संथ गतीने काढावयाचा, आणि संथ गतीत चाक सरळसरळ हवे त्या बाजूलाच वळवावे लागते. घातक ठरणारे वळण परीक्षेत येतच नाही, याचा विचार अधिकाऱ्यांनी करावयास हरकत नाही.

बाकीचे नियम सोपे आहेत. पाळणे मात्र कठीण. वेग वळणात शिरण्यापूर्वीच उतरवावा. टायरची पकड ही एकच पुंजी आहे. ब्रेकसाठी ती खर्चिली, की वळण्यास तेवढी कमी पडते. दृष्टी वळणाच्या पलीकडच्या टोकावर ठेवावी, कारण गाडी दृष्टीमागे जाते, आणि दरीकडे भयाने टक लावणारा दरीकडेच ओढला जातो. वेगाचा हिशेब तर फारच निष्ठुर आहे. २५ मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० किलोमीटर वेगाने घेतले तर सुमारे २७ अंश झुकून भागते. वेग ६० केला की दीडपट नव्हे, सव्वादोनपट जोर लागतो. झुकावे लागते ते जवळजवळ ४९ अंश, आणि तितके पेलण्याइतके घर्षण आपल्या घाटरस्त्यावर सामान्य टायरला मिळत नाही.

हे सर्व शिकल्याने माणूस अधिक सुरक्षित होतो काय? नॉर्वेत १९७९ साली नव्या मोटारचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे केले गेले. पुढे पाहणी झाली, तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यांवरील अपघात घटण्याऐवजी वाढलेले आढळले. हातात आलेले कौशल्य त्यांनी गाठीला न ठेवता वेगावर उधळले असावे, असे मला वाटते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात योगाला कर्मातील कौशल्य म्हटले आहे, आणि हे वचन आपण सुताराच्या, वकिलाच्या, गवयाच्या कसबालाही खुशाल लावतो. पण आचार्यांच्या भाष्यात कौशल्य म्हणजे हातोटी नव्हे. स्वभावतः बांधणारे कर्म ज्या समबुद्धीने बांधीनासे होते, ते कौशल्य. वळणाला बांधला गेलेला, पुढचे वळण अधिक झुकून घेतल्यावाचून ज्याला चैन पडत नाही, असा स्वार या अर्थाने कुशल म्हणता येईल का?

भाच्याची मर्यादा निराळी होती. “दिसतो तेवढ्या रस्त्यात थांबता आलं पाहिजे,” तो म्हणाला. वळणापलीकडे केळ्यांनी भरलेली गाडी असेल, शेळ्या असतील, रस्ता ओलांडणारी म्हातारी असेल. ६० च्या वेगात हात ब्रेकवर जाण्यास एक सेकंद लागला, तरी तेवढ्यात सतरा मीटर निघून जातात. म्हणजे आंधळ्या वळणावर वेग किती, हे आपल्या कसबाने ठरत नाही. ते पलीकडच्या माणसाने ठरवावयाचे, आणि तो तर आपल्याला दिसतही नाही.

उतरताना एक तरुण मागून कर्णा वाजवीत आला व ऐन वळणावर आम्हांस ओलांडून गेला. त्याचे झुकणे, सरळ होणे, पुन्हा झुकणे इतके सफाईदार होते, की निव्वळ कसब म्हणून पाहता ते भाच्याहून सरस होते, हे कबूल केले पाहिजे. त्याला काही झाले नाही. पायथ्याशी तो चहा पीत उभा होता. आम्हांस पाहून हसलाही. पलीकडे कोणी नव्हते म्हणून त्याचा दोष नाहीसा झाला काय? मला तसे वाटत नाही. जे त्याने पणाला लावले, ते सर्व त्याचे एकट्याचे नव्हते.

हे मी भाच्याला सांगणार होतो. तोच तो मागे वळून म्हणाला, “मामा, तिसऱ्या वळणावर त्याने गाडी कशी टाकली, पाहिलंत?” आणि त्याच्या आवाजात निषेध मुळीच नव्हता.