आधी आपल्या अंगावर

सन 2021 च्या फेब्रुवारीत करोनाचा जोर वाढून अमरावती व अचलपूर येथे टाळेबंदी झाली, हे वाचकांस आठवतच असेल. पुढे चांदूर बाजारच्या आसपासच्या खेड्यांत लस आली, तेव्हा सुई दिसताच एखादी म्हातारी नर्सबाईस पुसे, ‘‘बाई, तुमी सोता घेतली काय?’’ होय म्हटले म्हणजे ती बाही वर सारी. कित्येक शिकलेल्यांस हा प्रश्न अडाणीपणाचा वाटला. आम्हांस तो फार जुना व फार शहाणा वाटतो.

सन 1896 त मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने हाफकिन साहेबांस कलकत्त्याहून बोलाविले. हे ओडेसा शहरी जन्मलेले यहूदी गृहस्थ. पदवीने वैद्य नव्हेत, प्राणिशास्त्रज्ञ. पटकीवरची लस त्यांनी पूर्वीच तयार केली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत तीनच महिन्यांत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली व 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी पुष्कळांनी आपखुशीने लस घेतली, इतरांनी घेतली नाही. न घेतलेल्यांत रोग व मृत्यू अधिक झाले.

आता प्रश्न असा की, आपल्या अंगावर प्रयोग केल्याने दुसऱ्याच्या अंगावर करण्याचा हक्क मिळतो काय? आम्हांस वाटते, मिळत नाही. मिळते ते विचारण्याचे तोंड. ‘मी घेतली आहे, तुम्ही घ्याल काय?’ असे म्हणता येते. ‘मी घेतली आहे, म्हणून तुम्ही घ्याच’ असे म्हणता येत नाही. शिवाय हाफकिनांस लशीत काय आहे हे ठाऊक होते, कैद्यास नव्हते. आणि कोठडीत बसलेल्या मनुष्याची खुशी किती मोकळी असते, हेही पाहिले पाहिजे. म्हणून ती लस देऊ नये होती, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. न देण्यानेही माणसे मरत होती. सावित्रीबाई फुले त्याच साथीत, रोग्यांची सेवा करीत असता, 10 मार्च 1897 रोजी वारल्या.

परंतु ह्या प्रश्नाची खरी कसोटी पुढे लागली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मल्कोवाल गावी 107 जणांस लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांस टोचली ते 19 जण धनुर्वाताने मेले. चौकशी झाली. बाटली मुंबईतच दूषित झाली असावी, असे ठरले; कारण हाफकिनांनी कार्बोलिक ॲसिडाऐवजी उष्णतेने लस शुद्ध करण्याची रीत चालविली होती. त्यांस कामावरून दूर केले. पुढे उघड झाले की, बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करता वापरला गेला. सर रोनाल्ड रॉस व दुसरे शास्त्रज्ञ यांनी 1907 त जाहीर पत्र लिहिले, तेव्हा कोठे हाफकिन निर्दोष ठरले. ते हिंदुस्थानात परत आले, पण परळची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा दिली नाही.

त्यांच्यावर अन्याय झाला, यात शंका नाही. तथापि न्याय मागताना ते एकोणीस जण केवळ एक आकडा होऊन बसतात, हे मनास लागते. शेतीभातीची कामे टाकून ते आले असतील. मुंबईच्या साहेबाने आधी आपणास टोचून घेतले, ही गोष्ट बहुधा त्यांच्या कानीही आली नसेल. आणि तो मदतनीस? चिमटा पडणे हा गुन्हा नव्हे. पण पडल्यावर ‘थांबा, हा पुन्हा शुद्ध करतो’ एवढे म्हणावयास, रांग लागलेली असता व वरिष्ठ उभे असता, किती धैर्य लागले असते! आपल्यापैकी जे लोकांचा विश्वास घेऊन गावोगाव हिंडतात, त्यांनी त्या क्षणी आपण काय केले असते, हे मनाशी पुसावे.

सन 1925 त त्या संस्थेस हाफकिनांचे नाव दिले गेले. तेव्हा ते युरोपात राहत होते. 1930 साली लोझान येथे ते वारले. परळला ती इमारत अद्याप उभी आहे.