वसईच्या किल्ल्यात पाय कुठे ठेवावा?

कॉलेजची सहल वसईच्या किल्ल्यात उतरली की पोरं संत गोन्सालो गार्सियांच्या चर्चमध्ये, जिथे अजून प्रार्थना होते, आपसूक गप्प होतात. फ्रान्सिस्कन चर्चला छप्पर उरलेलं नाही, तर तिथे थडग्यांच्या कोरीव शिळांवर उभं राहून फोटो काढतात. पूजा थांबली की जागेचं पावित्र्यही संपतं, असा हिशेब त्यामागे असतो. तो पटण्यासारखा नाही. १७३९ साली मराठ्यांच्या चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा उतरवून नेल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्यांतलीच. लूटच ती, पण विजेत्यांनी ती वाड्याच्या दारावर मिरवण्यापेक्षा देवापुढे टांगली. देवाची वस्तू देवाकडेच जावी, एवढं त्यांना उमजत होतं.

पोर्तुगीजांनी देवळं पाडली, मग त्यांच्या थडग्यांचा मान कशाला, असं कोणी विचारेल. आक्षेप वजनदार आहे, आणि ती पाडापाडी झाकूनही ठेवू नये. पण त्याच मराठ्यांनी हरलेल्यांना तहानुसार बायकामुलं, चीजवस्तू घेऊन सन्मानाने जाऊ दिलं. जिवंत शत्रूला जे मिळालं, ते मेलेल्याला नाकारायचं कारण काय? शिवाय १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मारले गेलेले गार्सिया वसईतच जन्मलेले. इथे ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ वेगळे काढणं सोपं नाही. राहिला एक मुद्दा: हे आता चर्च नाही, पुरातत्त्व खात्याचं स्मारक आहे. स्मारक पाहण्यासाठीच असतं, हे कबूल. मग नीट पाहावं: शिळेवरचं नाव, साल वाकून वाचावं. भक्ती कोणी मागत नाही; नावावर पाय देऊ नये, इतकंच मागणं आहे.