उरलेल्यातलं दान

मागच्या महिन्यात आठवडाभर नगरला मामांकडे होतो. दोघं निवृत्त शिक्षक, पण घरी सापडतील तर शपथ. रविवारी उपासना, बुधवारी प्रार्थनासभा, आणि बाकी सगळा वेळ चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजाराची तयारी.

पडवीत पोत्यांचा ढीग होता. मामी एकेक उपसत होती. कॉलर विरलेले शर्ट, बिनझाकणाचा कुकर, एकच चप्पल. (जोडीतली दुसरी कुणी ठेवून घेतली असेल?) "घर आवरलं की लोकांना दान केल्यासारखं वाटतं," ती म्हणाली.

मार्काच्या शुभवर्तमानातली विधवा आठवली. श्रीमंतांनी भरपूर टाकलं, तिनं दोनच टोल्या. तरी येशूच्या हिशोबात तिचंच दान मोठं, कारण इतरांनी उरलेल्यातून दिलं, तिनं होतं नव्हतं ते सगळं. या मापानं ती पोती शून्यच. पण मला हे पूर्ण पटत नाही. दहा रुपयांत धड दप्तर मिळालेल्या पोराला देणाऱ्याच्या मनाशी काय करायचंय?

मामांना विचारलं. ते कुकरला झाकण शोधत होते. "आमचा वेळही उरलेलाच की रे," ते म्हणाले.

"उरलेला कसला?" मामीनं मान वर केली नाही. "मोजकाच राहिलाय."

मामांनी एक झाकण बसवून पाहिलं. बसलं नाही. त्यांनी दुसरं पोतं ओढलं.