म्हातारपणी लागतं तरी काय?

सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की इंदूरच्या सराफ्यात त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याचा बाजार भरतो. त्याच इंदुरात सरकारी वृद्धापकाळ पेन्शनवर दिवस काढणाऱ्या गरिबाला महिन्याला 600 रुपये मिळतात. रोजचे 20. त्यात अर्धा लिटर दूधही येत नाही.

सराफ्यात खाणाऱ्यांना अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तिथले पदार्थ नीट पाहावेत, एवढंच म्हणणं आहे. दहीवडा म्हणजे उडदाची डाळ आणि दही, दात नसलेल्या तोंडातही सहज विरघळणारं. भुट्ट्याचा कीस दुधात शिजतो, चावावा लागत नाही. तळण आणि मीठ सोडा. पण डाळ, दूध, दही आणि मऊपणा हे थकलेल्या शरीराला नेमकं हवं असतं. माळव्याच्या स्वयंपाकाला हे सगळं ठाऊक आहे. पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीच्या ताटात मात्र पोळी असते, चहा असतो, आणि बरेचदा तेवढंच.

धान्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे, हे मान्य करायलाच हवं. रेशनवर माणशी 5 किलो धान्य 2023 पासून फुकट मिळतं. दिवसाला ते साधारण 165 ग्रॅम पडतं. पन्नास किलो वजनाच्या माणसाला रोज 40 ग्रॅमच्या वर प्रथिनं लागतात. एवढ्या गव्हातून त्याच्या निम्मीही मिळत नाहीत. वय वाढलं की भूक मंदावते, उष्मांकही कमी लागतात, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. पोट भरलेलं असतं आणि मांड्यांचे स्नायू झिजत जातात. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो आणि आपण म्हणतो, वय झालं होतं.

‘मला आता काय लागतं, दोन घास पुरेत’ असं आजी म्हणते आणि आपण ते तिचं समाधान समजतो. मला त्यात जुन्या सक्तीची सवय ऐकू येते. आपल्याच मराठी घरांनी विधवांना पिढ्यान्‌पिढ्या एकभुक्त ठेवलं, बायकांना सगळ्यांच्या मागून जेवायला बसवलं आणि त्याला संयम असं नाव दिलं. कमी खाण्याचं कौतुक ऐकत वाढलेली बाई जास्त मागेल कशी? तिचं ‘पुरे’ आपल्या सोयीचं असतं, म्हणून आपण ते लगेच खरं मानतो.

सरकारलाही ते सोयीचंच आहे. ऐंशीच्या आतल्या वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा जवळजवळ वीस वर्षं 200 रुपयांवर थांबला आहे. बायकांना दरमहा पैसे देणारी मध्य प्रदेशातली लाडली बहना योजना 2023 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी तिची रक्कम 1250 रुपयांवर गेली. पण साठी पूर्ण होताच हे पैसे बंद होतात आणि पात्र असेल तर बाई 600 वर येते. औषधांचा खर्च वाढू लागतो त्याच वयात हातातली रक्कम निम्म्याखाली जाते. हे कुणाला खटकत कसं नाही?

शेजारच्या आजींना वरणाची वाटी जरूर द्यावी. ‘जेवलात का?’ असं विचारलं तर ‘हो’ हेच उत्तर येईल. काल पोळीबरोबर काय होतं, ते विचारावं. थोडा वेळ सोबत बसावं, कारण एकट्याला जेवण जात नाही. पण रोज कुणाचे तरी उपकार मानून खायचं असेल, तर माणूस लाजेनं आणखी कमी खातो. म्हणून मागणी सरकारकडेच करायला हवी. रेशनच्या गव्हाबरोबर प्रत्येक वृद्धाला महिन्याला दोन किलो डाळ द्या, आणि पेन्शन एवढी करा की रोजचा अर्धा लिटर दुधाचा रतीब स्वतःच्या पैशानं लावता येईल.