पणाला कोणाचा जीव?

माउली, शाळेत असताना मला ज्युलियस सीझर फार आवडे. इसवी सनापूर्वी ४९ साली तो फौजेसह रुबिकॉन नदी उतरला. नदी लहानच. आपल्या पहूरची वाघूर ओलांडावी एवढीच गोष्ट. पण फौज घेऊन ती ओलांडणे रोमच्या कायद्याने बंड होते. पुढे वर्षानुवर्षे यादवी चालली. धाडस सीझरचे म्हणायचे, आणि मेले हजारो शिपाई!

आता अमळनेरला शिक्षक असलेले आपले साने गुरुजी आठवा. पंढरीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून ते महाराष्ट्रभर हिंडले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले. उपोषण थांबवा, अशी गांधीजींची तार आली. ज्यांना जन्मभर मानले त्यांचेच न ऐकणे उपाशी राहण्याहून जड गेले असेल, असे मला वाटते. तरी गुरुजी उठले नाहीत. मंदिर खुले करण्याचे ठरले, तेव्हा १० मे रोजी उपोषण सुटले.

उपोषणातही दुसऱ्यावर दबाव असतोच, हे नाकारू नका. पण पणाला लावलेला जीव गुरुजींचा स्वतःचा होता.

आणि माउली, त्यांना बसायला जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. गुरुजी पाहुणे होते. महाराजांना मात्र पुढेही पंढरीतच, त्याच लोकांत राहायचे होते. गुरुजींचे नाव आपण घेतो. त्या मठाचे दार उघडणाऱ्याने काय पणाला लावले, ते आपल्या दिंडीत कधी कुणाच्या तोंडून ऐकले आहे का?